परवानगीशिवाय हात लावू नये

८ फेब्रुवारी २०१६, सोमवार

सरांनी आज दिवसभरात मला तिसऱ्यांदा ‘मॅडम’ म्हटलं. पाच वर्षांपूर्वी मी या लॅबमध्ये आले तेव्हा ‘हिमानी’ होते, मधल्या काळात एकदोनदा ‘बेटा’सुद्धा झाले. आता ‘मॅडम’. आणि ती राजनंदिनी, गंगापूरकडची, येऊन जेमतेम सहा महिने झालेत, ती मात्र ‘नंदिनी’. आमचे गाईड डॉ. आप्पासाहेब कोलते सरळ माणूस आहेत, त्यांच्या मनात काही नसेलही. माझ्या मनात आहे, म्हणून ही वही.

माझ्या पीएच.डी.ची मुदत तीस जूनला संपते. उंदरांचा एक शेवटचा गट राहिलाय, तो झाला की प्रबंध बांधायला टाकायचा. ते बारा उंदीर आज आले. नऊ ते बारा नंबरचे पिंजरे माझे, तेरा ते सोळा तिचे. अख्खं ॲनिमल हाऊस मोकळं असताना तिला नेमके माझ्याच शेजारचे पिंजरे मिळाले.

रजिस्टर भरून आले. पाणी, खाद्य, भुसा, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. सोमवारीच शनिवारपर्यंतच्या खुणा करून टाकते, म्हणजे रोज तिथल्या वासात उभं राहायला नको.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चिन्मयने आज परत विचारलं, तू नक्की करतेस काय. लग्नाला चार वर्षं झाली तरी हा प्रश्न आहेच. बँकेतल्या माणसाला कळेल असं सांगितलं. उंदराच्या किडनीचा रक्तपुरवठा चाळीस मिनिटं चिमट्याने बंद करायचा, मग सोडायचा. किडनीला इजा होते. इजा झाली की तिथल्या पेशी एक ग्रोथ फॅक्टर सोडतात, त्याने जखम भरायला मदत होते. इथपर्यंत चांगलंच. पण जखम भरल्यावरही तो थांबला नाही, तर तोच किडनी चामड्यासारखी घट्ट करून टाकतो. तो कधी थांबतो आणि कधी थांबत नाही, हे मी बघते. स्लाइडवर तो तपकिरी दिसतो.

“आणि ज्यांना इजाच केली नाही ते?”

ते शॅम. त्यांचं पोट फक्त उघडून शिवायचं, किडनीला धक्का नाही. त्यांच्या स्लाइड निळसर, स्वच्छ यायला हव्यात. त्या स्वच्छ आल्या तरच इजा झालेल्यांच्या तपकिरी रंगाला काही अर्थ. चिन्मय म्हणाला, सोपं आहे की. त्याला सगळंच सोपं असतं.

राजनंदिनी मला ‘ताई’ म्हणते. दोन वर्षांपूर्वी मी लॅबमधल्या सगळ्या मुलांना स्पष्ट सांगितलं होतं की सीनियर माणसाला नावाने किंवा नात्याने हाक मारायची नाही, मॅडम म्हणायचं. सर तेव्हा समोरच बसले होते. सगळे पाळतात. ही तेवढी “ताई, चहा घेता का” करत येते. मी काही तिची ताई नाही.

३ मार्च, गुरुवार

रंगेहाथ पकडलं. सकाळी सहज ॲनिमल हाऊसमध्ये डोकावले तर राजनंदिनीच्या हातात माझ्या दहा नंबरची बाटली.

“काय चाललंय?”

“काय नाय ताई, बाटली रिकामी व्हती.”

“ते कडूबा बघेल. माझ्या पिंजऱ्यांना हात लावायचं कारण नाही.”

ती गडबडली, बाटली खाली ठेवली, “व्हय ताई,” म्हणाली. माझे उंदीर कसे वागतात, किती वजनाचे आहेत, हे तिला कशाला बघायचंय? पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. मी लॅबमध्ये येऊन मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, “परवानगीशिवाय हात लावू नये. हि. पाठक”, आणि चारही पिंजऱ्यांवर चिकटवली. कडूबा बघत उभा होता. हा आमचा ॲनिमल हाऊसचा शिपाई, करमाडहून रोज येतो.

“मी बी लावू नाय का मॅडम?”

“तू तुझं काम कर. हे बाकीच्यांसाठी आहे.”

बरं वाटलं. आधीच करायला हवं होतं.

१० मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं. सहांना चिमटा, सहा शॅम. एकही दगावला नाही. माझे टाके बघून सर म्हणाले, “मॅडमचा हात सुंदर आहे.” हात सुंदर आहे, आणि पुढे ‘मॅडम’ लावून दिलं.

तिचीही आजच झाली. तिला माझ्यापेक्षा अर्धा तास जास्त लागला. मी घड्याळ बघितलं होतं.

१९ मार्च, शनिवार

महापालिकेचं पाणी आता पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या. विभागाची टाकी तळाला. ॲनिमल हाऊसचा कूलर बंद. बाहेर चाळीस अंश आहे, आत किती असेल कोण जाणे.

पण लिहायचंय वेगळंच. आज साडेसातला फाटकापाशी राजनंदिनी दिसली. स्कूटीवर पायाशी एक आणि मागे बांधलेला एक, पाच-पाच लिटरचे कॅन. ती छावणी भागात खोली घेऊन राहते, त्या घरमालकाच्या विहिरीला अजून पाणी आहे म्हणे. वॉचमन म्हणाला, रोजच आणते. मी काचेतून बघितलं. तिने स्वतःच्या चार पिंजऱ्यांच्या बाटल्या त्या कॅनमधून भरल्या. माझ्या पिंजऱ्यांसमोर आली, चिठ्ठी बघितली, दोन मिनिटं नुसती उभी राहिली आणि गेली.

आता मला सांगा, उंदरांसाठी कुणी घरून पाणी आणतं? तेही रोज, तेही फक्त आपल्याच उंदरांना? त्या पाण्यात काहीतरी आहे. किडनी जपणारं काही पाण्यातून पाजलं की स्लाइड हव्या तशा येतात, हे लॅबमधल्या कुणालाही कळेल. चिन्मयला सांगितलं तर म्हणतो, “चांगली मुलगी दिसते. एकदा जेवायला बोलाव.”

मी भाजी वाढली.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

काल उंदीर मारून किडन्यांच्या ऊती काढल्या. अठ्ठावीस दिवस पूर्ण. उंदीर हडकले होते, उन्हाळ्यात हडकतातच.

शहराबाहेरच्या सातारा परिसरातल्या आमच्या नव्या बिल्डिंगला टँकर आला नाही. चारशे फ्लॅट, तीन बोअर, तिन्ही कोरडे. ब्रोशरवर कारंजं होतं. गुढीचा गडू न धुता नुसता पुसून लावला. समोर अजून दोन बिल्डिंगा उठतायत, त्यांच्या सिमेंटला मात्र पाणी मिळतं.

१३ एप्रिल, बुधवार



शॅमच्या स्लाइड तपकिरी आल्या. सहाच्या सहा. ज्या किडनीला मी बोटसुद्धा लावलं नाही, तिच्या नळ्यांमध्ये ग्रोथ फॅक्टर, जणू कुणी महिनाभर तिला मारत होतं. आधी वाटलं रंग बिघडला. नवा रंग करून परत केलं. परत तपकिरी. इजा झालेले आणि न झालेले शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही. म्हणजे पाच वर्षांच्या कामाचा शेवटचा गट गेला.

अजून कुणाला सांगितलं नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार

आठवड्याची मीटिंग. राजनंदिनीच्या स्लाइड पडद्यावर आल्या. शॅम निळेशार, स्वच्छ. इजा झालेले तपकिरी, आणि तपकिरी तिथेच जिथे असायला हवं. सर खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. सर उठत नाहीत. पाच वर्षांत माझ्या स्लाइडसाठी एकदाही उठले नाहीत.

“नंदिनी, असे शॅम या उन्हाळ्यात कसे काय आणलेस?” सरांनी विचारलं.

ती म्हणाली, “काय नाय सर, पाण्याकडं लक्ष ठेवलं.”

बघा. स्वतःच बोलून गेली.

मग सर माझ्याकडे वळले. मी सांगितलं की रंगवणं सुरू आहे. घरी येऊन रडले. खरं लिहायचं तर माझा गट वाया गेला याचं जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त तिचा चांगला आला याचं वाटलं. तिच्याही स्लाइड तपकिरी असत्या तर मी आज शांत झोपले असते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

१८ एप्रिल, सोमवार

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला पत्र दिलं. नियम असा आहे की एका खोलीतल्या सगळ्या प्राण्यांना विभागाच्या टाकीचंच पाणी. राजनंदिनी बाहेरून पाणी आणते आणि स्वतःच्याच उंदरांना पाजते, त्यात काय मिसळलेलं असतं याची कुठेही नोंद नाही, सबब चौकशी व्हावी. नाव गुप्त ठेवावं असं खाली लिहिलं. पत्रात एकही शब्द खोटा नाही. मी दोनदा वाचून बघितलं.

सवयीने रजिस्टरपाशी गेले. माझ्या रिकाम्या पिंजऱ्यांच्या रकान्यात आठवड्याच्या खुणा केल्या आणि मग खोडल्या.

२२ एप्रिल, शुक्रवार

समितीने तिला ॲनिमल हाऊसमध्ये जायला मनाई केली. गुरुवारी बैठक, तोपर्यंत. तिच्या उंदरांची दुसरी खेप चालू आहे, आज तेरावा दिवस.

“मॅडम, तिचे पिंजरे तोपर्यंत तुम्ही बघा,” सर म्हणाले. “तक्रार कुणाची ते समिती मलाही सांगत नाही. पण तुमच्या हाती दिले की मला काळजी नाही.”

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. डोळे सुजलेले.

“ताई, माझ्यावर कुणीतरी लई वाईट लिहून दिलंय. जाऊ द्या. मी आज सकाळी भरल्यात बाटल्या, उद्या दुपारपर्यंत पुरतील. पुढं तेवढं पाणी बघता का? टाकीच्या भरवशावर नका ऱ्हाऊ. कॅन मी फाटकाच्या वॉचमनकडं ठिवत जाईन. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२३ एप्रिल, शनिवार

गेले नाही. एक तर त्या कॅनला हात लावणं म्हणजे तिच्या गैरप्रकारात मी सामील होणं. दुसरं म्हणजे ऊन. तिसरं, कडूबा आहेच.

२४ एप्रिल, रविवार

गेले नाही. सुट्टीच्या दिवशी कोण जातं? चिन्मयसोबत पडदे बघायला गेले. निळे त्याला आवडले. मला निळा नको होता.

२५ एप्रिल, सोमवार

क्रमाने लिहिते.

दहा वाजता गेले. वॉचमनकडे सहा कॅन ओळीने उभे, रोजचे दोन. आत कडूबा पंख्याखाली बसलेला.

“तू भरलंस ना पाणी तेरा ते सोळाला?”

“नाय मॅडम. सरांनी सांगितलं तुम्ही बघणार. चौकशीचं काम, मी कशाला हात लावू? शनिवारी अर्धा दिवस, काल तर सुट्टीच.”

बाटल्या कोरड्या. उंदीर कोपऱ्यात एकावर एक पडलेले, जिवंत, पण केस उभे राहिलेले. एक जण बाटलीची नळी चाटत होता. नळीतून नुसता खडखड आवाज येत होता. मी कॅन उघडला आणि भरायला लागले. पहिल्या बाटलीवर तिघं तुटून पडले. ते पाणी नुसतं पाणी होतं. वास घेतला, चव घेतली. विहिरीचं, जरा मचूळ.

रॅकला सुतळीने एक वही बांधलेली होती. मी इतके दिवस ती खाद्याची समजत होते. राजनंदिनीचं अक्षर. रोजची तारीख, पिंजरा, सकाळी किती पाणी टाकलं, दुसऱ्या दिवशी किती उरलं. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. आणि त्याच्या वर नऊ, दहा, अकरा, बारा. पुढे कंसात ‘ताईंचे’.

आठ फेब्रुवारीपासून रोज. माझ्या उंदरांना ती पाणी टाकत होती. “१० नं. रिकामी, २५० टाकलं.” “१२ नं. गळते, बूच बदललं.” आणि मग तीन मार्च. “ताईंनी चिठ्ठी लावली. आजपासून त्यांच्या पिंजऱ्यांना हात लावायचा नाही. कडूबामामाला सांगितलं.”

पुढच्या पानांवर नऊ ते बाराच्या रकान्यात आकडे नाहीत. एकोणीस मार्चला समासात बारीक अक्षरात लिहिलंय, “९, १० कोरड्या. ताईंना फोन केला, उचलला नाही.”

मला तो फोन आठवला. तिचं नाव बघून मी तो उलटा ठेवला होता.

“कडूबा, माझ्या बाटल्यांत तू किती टाकायचास?”

“टाकीत असंल तसं. सोमवारी, गुरुवारी, अर्धी अर्धी. पाणीच नव्हतं ना मॅडम. पर तुमच्या रजिस्टरला तर रोजच्या खुणा हायेत. मला वाटलं तुम्ही येऊन भरून जाता.”

२६ एप्रिल, मंगळवार

हिशेब साधा आहे. एका पिंजऱ्यात तीन उंदीर, एवढ्या उन्हात दिवसाला शंभर मिलीच्या वर पितात. त्यांना आठवड्यात अडीचशे मिळत होतं. पाच आठवडे. किडनीला इजा करायला चिमटाच लागतो असं नाही, तहानही पुरते. माझे शॅम म्हणूनच तपकिरी आले. कुणी बिघडवले नव्हते. मी चिठ्ठी लावली आणि खुणा केल्या.

दुपारपर्यंत लॅबमध्ये बसून होते. गप्प राहिले असते तर काय झालं असतं तेही लिहून ठेवते. रजिस्टर माझ्या बाजूने आहे. तिची वही सुतळीला बांधलेली, खासगी, तिच्यावर कुणाची सही नाही. समितीने बाहेरच्या पाण्याच्या नियमावर तिचा गट बाद केला असता. मी माझ्या तपकिरी शॅमला उन्हाळ्याचं कारण दिलं असतं, आणि जूनमध्ये प्रबंध गेला असता. इतका सगळा विचार मी केलाय. तिच्या स्लाइड आठवल्या की अजूनही पोटात दुखतं. कालच्यानंतरही दुखतं, हेच कळत नाही.

साडेतीनला सरांकडे गेले. रजिस्टर नेलं, तिची वही नेली. पत्र मी दिलं होतं हेही सांगितलं. शनिवार-रविवारचं मात्र तोंडातून निघालं नाही.

सर बराच वेळ वही चाळत होते.

“तुमचा शेवटचा गट गेला हे समजतंय ना? मुदतवाढीचा अर्ज करा. मिळेलच असं नाही.”

“हो सर.”

“समितीत तक्रार मागे घेतली एवढंच मी सांगेन. नंदिनीला तुमचं नाव मी सांगणार नाही. तिला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.”

मी दारापर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, “हिमानी, दार लावून घे.” गेली दोन वर्षं मी जे ऐकायला टपून होते ते आज ऐकलं, आणि नको वाटलं.

२८ एप्रिल, गुरुवार

बैठक दहा मिनिटांत संपली. तक्रार निकाली. यापुढे बाहेरून पाणी आणलं तर वहीत तशी नोंद करून सही घ्यावी, एवढंच. प्रबंधाची मुदत तीस जूनच आहे, अर्ज आज टाकला.

मी ॲनिमल हाऊसमध्येच थांबले होते. राजनंदिनी जवळजवळ पळतच आली, चप्पल बाहेर काढायचंही विसरली. आधी प्रत्येक पिंजऱ्यात वाकून बघितलं, सोळा नंबरमधल्या एकाला उचलून पोट चाचपलं.

“ताई, तुमचे लई उपकार झाले. माझ्या आईनं तर नवस बोलला व्हता.” मग सुतळीची वही उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, आजचा गुरुवार, माझ्या अक्षरातले आकडे. त्यांच्या वर दोन मोकळ्या ओळी. “शनिवार-रविवारचं लिहायचं ऱ्हायलं का ताई? किती टाकलं व्हतं?”

पेन तिच्याच हातात होतं. तिने ते माझ्यापुढे धरलं. अडीचशे, अडीचशे असं लिहून टाकलं असतं तर कागदावर तिची खेप वाचली असती, माझीही लाज राहिली असती, आणि त्या ओळी पुढे कुणीही तपासल्या नसत्या. तिने स्वतःसुद्धा नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता.

मी पेन घेतलं. २३ एप्रिलपुढे, चारही पिंजऱ्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं. २४ पुढे शून्य. शेवटी सही केली, पूर्ण नाव घालून.

ती आकड्यांकडे बघत राहिली.

“आले नाही मी,” म्हटलं. “विसरले असं नाही. आले नाही. आणि समितीला पत्रही मीच दिलं होतं.”

तिने बोटांवर मोजलं, तेरा, चौदा, पंधरा. अठ्ठावीसपैकी नेमके मधले दोन. या खेपेचे शॅम आता कसे येतील ते तिलाही माहीत होतं, मलाही. तिने वही मिटली, रॅकला परत बांधली, सुतळीला दोन गाठी मारल्या. डोळे पुसले नाहीत, कारण हाताला पिंजऱ्यातला भुसा लागला होता.

कॅन माझ्या पायाशी होता. मी तो उचलायला वाकले, तर तिने आधीच कडी धरली होती.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “बाटल्या मी भरते, मॅडम.”